फोनवरून सेव्ह केलं आणि अक्षराचा आकार बदलला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं काम गोव्यात फोंड्याला, डीटीपी आणि छपाईचं. जत्रेच्या पत्रिका, देवस्थानांच्या महाजनांच्या सभेच्या नोटिसा, नाटकांच्या संहिता, भजनी मंडळांच्या पुस्तिका. हल्ली बहुतेक मजकूर फोनवर टाइप होऊन येतो आणि त्याच्या पाठोपाठ फोनही येतो: "मी तर मोठं केलेलं, तुमच्याकडे बारीक कसं?" तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाई असेल तर प्रश्न २ आणि ६ तेवढे वाचा. मराठीत लिहिणाऱ्याचं दुखणं बहुधा या दोहोंपैकी एकात असतं.

१. फोनवरचा १६ आणि कॉम्प्युटरवरचा १६ एकच ना?

नाही. आकडा एकच असला तरी माप वेगळं असू शकतं. वर्ड, लिबरऑफिस (वर्डसारखंच मोफत सॉफ्टवेअर) आणि पीडीएफ पॉइंटात मोजतात. एका इंचात ७२ पॉइंट. वेबपानं, आणि वेबच्या तंत्रावर बांधलेली कितीतरी ॲप्स, पिक्सेलात मोजतात. वेबच्या नियमाप्रमाणे एका इंचात ९६ पिक्सेल. म्हणजे १२ पॉइंट आणि १६ पिक्सेल हे एकच झालं. अँड्रॉइडचं आणखी तिसरं माप आहे, एसपी. ते फोनच्या सेटिंगमधल्या अक्षराच्या आकाराबरोबर कमीजास्त होतं. आयफोनच्या ॲपमध्ये ज्याला पॉइंट म्हणतात तो पडद्यावरचा, छपाईतला नव्हे. तिथे साध्या मजकुराला मुळात १७ असतो. तोच १७ कागदावर छापला तर बालवाचनाचं पुस्तक वाटेल.

ॲपने १६ पिक्सेल असं न लिहिता नुसता '१६' लिहिला आणि वर्डने तो पॉइंट समजून वाचला, की अक्षर एक तृतीयांशाने मोठं. उलटं झालं, १२ पॉइंटचे १२ पिक्सेल धरले गेले, की अक्षर पाव हिश्शाने लहान. सगळा मजकूर एकाच प्रमाणात फुगलेला किंवा आटलेला दिसला तर पहिला संशय मापावर घ्यावा.

२. फाइल खरंच बदलली आहे की मलाच तशी दिसते?

हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवायचा, कारण पुष्कळदा फाइलला काहीही झालेलं नसतं. डोळ्यांवर विसंबू नका. त्या अक्षरांवर बोट ठेवून निवडा आणि वरच्या किंवा खालच्या पट्टीतला आकाराचा आकडा वाचा. मग तीच फाइल कॉम्प्युटरवर उघडून तोच शब्द निवडा आणि आकडा वाचा. दोन्हीकडे आकडा एकच असेल तर फाइल ठीक आहे, फरक फक्त दिसण्यात आहे. तो फरक फॉन्टमुळेही असू शकतो. त्यासाठी प्रश्न १० पाहा.

गूगल डॉक्सच्या ॲपमध्ये 'प्रिंट लेआउट' बंद असेल, किंवा वर्डच्या ॲपमध्ये 'मोबाईल व्ह्यू' चालू असेल, तर मजकूर पडद्याच्या रुंदीला मावेल असा वाहता करून दाखवतात. कागदावर ओळ कुठे तुटेल आणि शीर्षक किती मोठं वाटेल याचा त्यात काही पत्ता लागत नाही. छपाईला पाठवण्याआधी एकदा 'प्रिंट लेआउट' चालू करून पाहायची सवय लावून घ्या.

आकडाच बदललेला असेल तर मात्र फाइल बदलली आहे. पुढचे प्रश्न त्यासाठी.

३. टेक्स्ट फाइल म्हणून सेव्ह केली तर सगळी अक्षरं सारखी झाली. माझे आकार परत मिळतील का?

त्या फाइलमधून नाही मिळणार. टेक्स्ट फाइलमध्ये फक्त अक्षरं राहतात. आकार, ठळकपणा, रंग यांना तिथे जागाच नाही. मूळ नोट ॲपमध्ये अजून असेल तर तिथून पुन्हा वर्ड किंवा पीडीएफ करून घ्या. टेक्स्ट फाइलला नावं ठेवू नका, आम्हाला ती फार आवडते: तिच्यात लपलेला कचरा नसतो.

४. व्हॉट्सॲपवर पाठवताना शीर्षक मोठं होतं, पोचलं तेव्हा साधं झालं.

व्हॉट्सॲपच्या संदेशात ठळक, तिरकं, खोडलेलं असं करता येतं, पण अक्षराचा आकार ठरवायची सोय नाही. नोटमधून कॉपी करून संदेशात पेस्ट केलं की आकार तिथेच गळून पडतो. आकार टिकवायचा असेल तर मजकूर पेस्ट न करता फाइलच 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. पानाचा फोटो काढून पाठवू नका. तो आम्हाला पुन्हा टाइप करावा लागतो आणि मग आकारासोबत शुद्धलेखनाचंही काहीतरी होतं.

५. मी १४ दिला होता, आता १३.५ दाखवतो. हा अर्धा कुठून आला?

पूर्णांकात आणताना आला. १४ पॉइंटचे पिक्सेल होतात १८.६७. ॲप पूर्ण पिक्सेलच साठवत असेल तर तो १८ तरी करेल, नाहीतर १९. १८ पिक्सेल पुन्हा पॉइंटात आणले की बरोबर १३.५. १९ केले तर १४.२५ येतात, वर्डच्या फाइलमध्ये आकार अर्ध्या-अर्ध्या पॉइंटानेच लिहिता येत असल्यामुळे त्याचा १४ किंवा १४.५ होतो. ११ पॉइंटचंही असंच: १४.६७ पिक्सेल, त्याचे १४ झाले तर परत येताना १०.५.

म्हणून १३.५ किंवा १०.५ असे आकडे दिसले की समजायचं, मजकूर वाटेत कुठेतरी पिक्सेलातून जाऊन आला आहे. १२, १५, १८, २४ हे आकार या फेरीत बिघडत नाहीत, कारण त्यांचे पिक्सेल पूर्णांकात येतात: १६, २०, २४, ३२. फोनवर आकार निवडताना यांपैकीच घेतलेत तर निम्मा घोळ टळेल.

६. मराठी एकदम बारीक झालं, इंग्रजी मात्र होतं तेवढंच आहे. हे काय गौडबंगाल?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि इंग्रजीतून मदत शोधणाऱ्याला याचं उत्तर सहसा मिळत नाही, कारण इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही अडचण कधी येतच नाही.

वर्डच्या फाइलमध्ये प्रत्येक मजकुराच्या तुकड्याला आकाराचे दोन रकाने असतात. पहिला रोमन वगैरे लिप्यांसाठी. दुसरा ज्यांना 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' म्हणतात त्या लिप्यांसाठी: अरबी, हिब्रू आणि आपली देवनागरी. इंग्रजी अक्षर आलं की वर्ड पहिला रकाना वाचतो, देवनागरी आलं की दुसरा. खुद्द वर्डमध्ये बसून वरच्या पट्टीतून आकार दिला तर तो दोन्ही रकाने भरतो, त्यामुळे असे दोन रकाने आहेत हे आपल्याला आयुष्यभर कळत नाही.

फोनवरची पुष्कळ ॲप्स मात्र फाइल तयार करताना फक्त पहिला रकाना भरतात. बनवणाऱ्याने इंग्रजीत तपासलेलं असतं, ते छान दिसतं, काम झालं. मग आपण "श्री शांतादुर्गा" १८ मध्ये लिहून सेव्ह करतो. फाइलमध्ये पहिल्या रकान्यात १८ जातो, दुसरा रिकामा. वर्ड देवनागरीसाठी दुसरा रकाना पाहतो, तिथे काही नाही, म्हणून फाइलचा मूळ आकार घेतो. तोही कुठे लिहिलेला नसेल तर १० पॉइंट. लिबरऑफिसमध्येही पाश्चात्त्य आणि कॉम्प्लेक्स असे दोन वेगळे आकार असतात, तेव्हा तिथेही हेच घडतं.

गोव्यात हे जास्त डोळ्यांवर येतं, कारण आपलं पान बहुधा मिश्र असतं. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोंकणी राजभाषा झाली, मराठीचा वापरही मान्य झाला, आणि इंग्रजी तर हटत नाही. एकाच नोटिशीत तिन्ही उतरतात. अशा पानात इंग्रजी ओळ १८ आणि तिच्या खालची मराठी १० झाली की मराठी तळटीप वाटते.

याची हमखास खूण सांगतो. मजकुरात आकडे इंग्रजी टाइप केलेले असतील तर ते मोठेच राहतात आणि भोवतालचे शब्द आटतात. "सभा सकाळी ठीक" बारीक, मग वेळेचा आकडा ढोपराएवढा, मग "वाजता" पुन्हा बारीक. असं पान दिसलं की दुसरं काही तपासायची गरज नाही.

७. मग ते दुरुस्त कसं करायचं? एकेक ओळ निवडत बसू का?

नको. सगळ्या मजकुराला एकच आकार हवा असेल तर वर्डमध्ये कंट्रोल-ए ने सगळं निवडा आणि पट्टीतून आकार पुन्हा एकदा द्या. आधीच १८ दाखवत असला तरीही द्या. त्याने दोन्ही रकाने भरले जातात.

आकार वेगवेगळे असतील तर शीर्षक, उपशीर्षक, मजकूर असे गट करून तेच करा. कंट्रोल-डी दाबल्यावर फॉन्टची चौकट उघडते. तिच्यात 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा वेगळा भाग असतो आणि देवनागरीचा खरा आकार तिथे कळतो. तो भागच दिसत नसेल तर ऑफिसच्या भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी किंवा हिंदी जोडलेली नाही. ती जोडली की दिसू लागतो.

लिबरऑफिसमध्ये आधी टूल्स, मग ऑप्शन्समध्ये जाऊन भाषांच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करा. त्यानंतर अक्षराच्या चौकटीत त्याचा वेगळा फॉन्ट आणि आकार देता येतो.

फोनवरच दुरुस्ती करायची असेल तर ती फाइल वर्डच्या ॲपमध्ये उघडून, निवडून, आकार पुन्हा देऊन सेव्ह करा. ज्या ॲपने घोळ केला त्याच ॲपमध्ये पुन्हा आकार देण्यात अर्थ नाही. तो पुन्हा पहिलाच रकाना भरेल.

८. प्रत्येक वेळी उघडून सेव्ह केलं की अक्षर थोडं थोडं वाढत जातं. मी तर काही बदलत नाही.

तुमच्या फोनचं अक्षर मोठं करून ठेवलेलं असणार. काही ॲप्स मजकूर वेबपानासारखा दाखवतात. फोनची सेटिंग ११५ टक्के असेल तर फाइलमधला १६ ते पडद्यावर १८.४ करून दाखवतात. इथवर ठीक. घोटाळा सेव्ह करताना होतो: ॲप फाइलमधला मूळ आकडा परत लिहायच्या ऐवजी पडद्यावर दिसतो तो आकडा लिहून टाकतं. पुढच्या वेळी त्या १८.४ वर पुन्हा ११५ टक्के लागतात, २१.१६ होतात. तिसऱ्या खेपेला २४ च्या पुढे. फोनचं अक्षर लहान ठेवलं असेल तर याच रीतीने मजकूर खेपेगणिक आटत जातो.

खात्री करायला फोनच्या सेटिंगमध्ये अक्षराचा आकार मूळ जागी आणा आणि फाइल उघडून सेव्ह करा. वाढ थांबली तर कारण हेच. यावर आपल्या हातातला उपाय एवढाच, की असं ॲप फक्त टाइप करायला वापरायचं आणि आकार दुसरीकडे द्यायचे.

सगळा मजकूर न वाढता एखादाच तुकडा वाढत असेल तर कारण वेगळं. तिथे आकार टक्क्यांत लिहिलेला असतो आणि टक्क्यांच्या आत टक्के बसतात: १२० टक्क्यांच्या आत आणखी १२० म्हणजे १४४. त्या तुकड्याचं फॉरमॅटिंग एकदा पूर्ण पुसून पुन्हा द्या.

९. दोन ओळी जोडायला मधला एंटर पुसला, तर जोडलेला भाग वेगळ्याच आकाराचा झाला.

वेबच्या तंत्रावर चालणाऱ्या संपादकांचा हा जुना खोडसाळपणा. खालची ओळ वरच्या ओळीत ओढली जाते तेव्हा तिचं दिसणं जसंच्या तसं राहावं म्हणून संपादक तिच्याभोवती आपणहून आकाराची सूचना लिहून ठेवतो. डोळ्यांना लगेच फरक कळत नाही. नंतर शीर्षकाचा किंवा परिच्छेदाचा आकार बदलला की बाकीचं बदलतं आणि तेवढा तुकडा हटून बसतो. परिच्छेद निवडा आणि 'क्लिअर फॉरमॅटिंग' द्या. वर्डमध्ये कंट्रोल आणि स्पेसबार. ठळक-तिरकंही जाईल, ते पुन्हा द्यावं लागेल.

१०. आकडा दोन्हीकडे १४च आहे, तरी कॉम्प्युटरवर मराठी लहान दिसतं.

मग फॉन्ट बदलला आहे. फोनवर जो फॉन्ट होता तो कॉम्प्युटरवर नसेल तर कॉम्प्युटर स्वतःकडचा लावतो. अँड्रॉइडवर साधारणपणे नोटो सॅन्स देवनागरी असतो, आयफोनवर कोहिनूर देवनागरी, जुन्या विंडोजवर मंगल, विंडोज ८ पासून निर्मला.

फॉन्टचा आकार म्हणजे अक्षराची उंची नव्हे, अक्षर ज्या चौकटीत बसतं तिची उंची. देवनागरीत त्याच चौकटीत वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय मावायचे असतात. शिरोरेषेखालच्या मुख्य अक्षराला किती जागा द्यायची हे फॉन्ट बनवणारा ठरवतो, आणि प्रत्येकाचं गणित वेगळं. विंडोजमधले कोकिळा, उत्साह, अपराजिता हे फॉन्ट १४ ला लावून पाहा आणि शेजारी १४ चा मंगल. दोन्ही १४ आहेत यावर विश्वास बसणार नाही.

उपाय आकडा वाढवण्याचा नाही, दोन्हीकडे फॉन्ट एक ठेवण्याचा आहे. मुक्ता आणि नोटो सॅन्स देवनागरी हे दोन्ही मोफत आहेत. आमच्याकडे देणार असाल तर यांतला एक घ्या. वर्डमध्ये कॉम्प्युटरवरून सेव्ह करताना फाइलमध्ये फॉन्ट गुंफून ठेवायचीही सोय आहे, ऑप्शन्समध्ये 'सेव्ह'खाली.

११. आकार बरोबर आहे, पण ओळीवरच्या मात्रा आणि रफार कापले जातात.

ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली' म्हणून ठरावीक पॉइंटांत बांधलेलं आहे. इंग्रजीला ते पुरतं, "कीर्तन" आणि "मूर्ती"चे रफार मात्र उडतात. 'सिंगल' किंवा 'ॲट लीस्ट' करा.

१२. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली जुनी पत्रिका युनिकोडमध्ये बदलली, तेव्हा शीर्षकं लहान झाली. दोन्हींचा संबंध काय?

संबंध थेट आहे, आणि तो प्रश्न ६ मधल्या दोन रकान्यांशी आहे. हे जुने फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवतात. डोळ्यांना "जत्रोत्सव" दिसतं, पण वर्डच्या लेखी ते इंग्रजी अक्षरांचं कडबोळं असतं. फोनवर तो फॉन्ट नसल्यामुळे तेच कडबोळं उघडं पडतं आणि लोक म्हणतात फाइल बिघडली. फाइल धडधाकट असते.

वर्डला ते इंग्रजी वाटतं, म्हणून आकार पहिल्या रकान्यातून घेतला जातो. रूपांतर केलं की तीच अक्षरं खरोखरची देवनागरी होतात, आणि वर्ड क्षणात दुसऱ्या रकान्याकडे वळतो. जुन्या फाइलमध्ये तिथे बऱ्याचदा काही लिहिलेलं नसतं. २४ चं शीर्षक असं १० किंवा १२ वर येतं. रूपांतरानंतर आकार पुन्हा द्यावेच लागतात. कसे ते प्रश्न ७ मध्ये. शिवाय या जुन्या फॉन्टांची अक्षरं त्यांच्या चौकटीत वेगळ्या मापाने बसवलेली असतात, त्यामुळे जुना आकडा तसाच नव्या फॉन्टला लावून पान तंतोतंत जुळेल अशी आशा ठेवू नका.

१३. आमचे सेक्रेटरी सगळं ८ नाहीतर ९ मध्येच टाइप करून पाठवतात. ॲप बिघडलंय का?

ॲप नाही, फोन मोठ्या अक्षरावर आहे. वय झालं की माणूस फोनचं अक्षर शेवटच्या टोकाला नेऊन ठेवतो, आणि त्यात काही चूक नाही. अँड्रॉइड १४ पासून ते २०० टक्क्यांपर्यंत नेता येतं. काही ॲप्स ही सेटिंग लिहायच्या कागदालाही लावतात. मग १२ चं अक्षर पडद्यावर भलंमोठं दिसतं आणि ओळीत चार शब्द मावतात. सेक्रेटरीबाब ते आवरायला आकार कमी करत जातात, ९ ला त्यांच्या डोळ्यांना बरं वाटतं, आणि फाइलमध्ये ९ च जातो. मंगेशीहून आलेल्या एका नोटिशीत अशीच महाजनांची नावं औषधाच्या डबीवरच्या मजकुरासारखी छापून निघायची होती; ती प्रूफ काढताना लक्षात आली.

त्यांना फोनचं अक्षर लहान करायला सांगू नका, ते करणार नाहीत आणि का करावं? आकाराला हात न लावता टाइप करून द्या, एवढंच सांगा. आकार आम्ही देतो.

१४. आकार आकड्यात द्यायचा की 'हेडिंग' वगैरे स्टाइल लावायची?

स्टाइल. दरवेळी स्टाइल. नाटकाची संहिता घ्या, गावच्या जत्रेतली असो की कला अकादमीच्या स्पर्धेची: प्रवेशाचं शीर्षक, पात्राचं नाव, संवाद, कंसातली सूचना. प्रत्येक ठिकाणी आकडा द्यायचा म्हटलं तर शे-दोनशे ठिकाणी हात लागतो, आणि त्यातला एखादा वाटेत बदलला तर शोधून सापडत नाही. 'हेडिंग १' म्हटलं की फाइलमध्ये "हे शीर्षक आहे" अशी नोंद होते. दुसऱ्या ॲपमध्ये ते शीर्षक कदाचित वेगळ्या आकारात दिसेल, पण शीर्षक म्हणून ओळखलं जाईल आणि एका जागी आकार बदलला की सगळीकडे बदलेल.

आयफोनच्या नोट्समध्ये आकडा द्यायची सोयच नाही. टायटल, हेडिंग, सबहेडिंग, बॉडी अशा तयार स्टाइलच. गूगल कीपमध्येही शीर्षकाच्या पातळ्याच आहेत. लोक याला उणीव समजतात, आमच्या दृष्टीने ती कृपा आहे.

१५. ई-मेलात २० दिला, पोचला तेव्हा १८ झाला. कधी २४ होतो.

जुन्या एचटीएमएलमध्ये (वेबपानं आणि ई-मेल ज्या भाषेत लिहितात ती) आकार आकड्यात नसायचा, १ ते ७ अशा पायऱ्या असायच्या, आणि काही ॲप्समधले संपादक अजून त्याच पायऱ्या वापरतात. ब्राउझरमध्ये त्या पायऱ्या साधारण १०, १३, १६, १८, २४, ३२ आणि ४८ पिक्सेलच्या. २० ला पायरीच नाही, म्हणून तो खालच्या किंवा वरच्या पायरीवर ढकलला जातो. जीमेलच्या वेब पानावरही लहान, नेहमीचा, मोठा, फार मोठा एवढ्याच निवडी मिळतात. ई-मेलच्या मजकुरात नेमका आकार राखायचा हट्ट सोडा आणि फाइल जोडा.

१६. पीडीएफ केली की सगळं मिटलं ना?

जवळजवळ. पीडीएफमध्ये आकार गोठतो, फॉन्टही बहुधा आतच येतो. दोन गोष्टी तेवढ्या पाहा. एक, पीडीएफ करण्याआधीच आकार बिघडला असेल तर बिघडलेलाच गोठेल. दोन, कागद. पुष्कळ ॲप्स पीडीएफ अमेरिकन 'लेटर' मापाची करतात. ती रुंदीला ए४ पेक्षा सहा मिलिमीटर जास्त असते. प्रिंटर 'फिट टू पेज'वर असला की ए४ कागदावर ती ९७ टक्क्यांवर येते आणि १२ चं अक्षर ११.७ च्या आसपास छापलं जातं. उलट, ए४ चं पान लेटरवर बसवलं तर ९४ टक्के. ॲपमध्ये कागद ए४ निवडा आणि छापताना 'ॲक्चुअल साइज' ठेवा.

आम्हाला दुरुस्तीसाठी द्यायचं असेल तर पीडीएफसोबत वर्डची फाइलही द्या.

१७. मी स्वतः ॲप लिहितोय. अँड्रॉइडमध्ये मजकूर एचटीएमएल करून साठवतो. परत उघडला की आकार गायब.

कॉलेजातल्या मुलांकडून हा प्रश्न येतो, म्हणून जरा सविस्तर. अँड्रॉइडची तयार सोय आकार लिहिताना स्टाइलमध्ये फॉन्ट-साइज म्हणून लिहिते, पण वाचताना स्टाइलमधला रंग, पार्श्वभूमी, रेघ, संरेखन एवढंच ओळखते. फॉन्ट-साइज ती वाचतच नाही. लिहिणारा आणि वाचणारा एकाच घरातले असून एकमेकांची भाषा अर्धीच जाणतात. 'बिग' आणि 'स्मॉल' हे टॅग मात्र ती वाचते: सव्वा पट आणि ०.८ पट. ते एकात एक घातले की गुणाकार होतो, सव्वाचे दीडपटीच्या वर जातात.

दुसरा खड्डा: निरपेक्ष आकाराचा स्पॅन मुळात त्या फोनच्या खऱ्या पिक्सेलांत मोजतो. तुमच्या फोनची घनता ३ असेल तर ४८ पिक्सेल म्हणजे १६ चं अक्षर. घनता २ असलेल्या फोनवर तेच ४८ म्हणजे २४ चं. साठवताना खरे पिक्सेल कधीच साठवू नका. कुठून कुठपर्यंत, आणि कोणता आकार, अशी स्वतःची नोंद जेसनमध्ये ठेवा. आकार वापरकर्त्याने निवडलेला तोच लिहा, पडद्यावर मोजलेला नाही. नाहीतर प्रश्न ८ मधल्या लोकांचे फोन तुम्हाला येतील.

आणि वर्डची फाइल काढून देणार असाल तर कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा आकारही भरा. पायथन-डॉक्ससारखी लायब्ररी वापरलीत तर फॉन्टचा साइज दिल्यावर ती फक्त पहिला रकाना लिहिते. दुसरा तुम्हालाच एक्सएमएलमध्ये घालावा लागतो. दोन ओळींचं काम आहे. तपासताना एक वाक्य मराठीत टाइप करून पाहा.

१८. फलकासाठी स्लाइड बनवली. फोनवर मजकूर चौकटीत बसतो, कॉम्प्युटरवर बाहेर येतो. आकडा तर कुणी बदलला नाही.

पॉवरपॉइंटमध्ये मजकूर मावला नाही तर अक्षर आपोआप आकुंचित करायची सोय असते. फाइलमध्ये मूळ आकडा तसाच राहतो, शेजारी "इतक्या टक्क्यांनी दाखवा" अशी नोंद होते. जे ॲप ती नोंद वाचत नाही ते पूर्ण आकारात दाखवतं, आणि "सर्वांचे हार्दिक स्वागत" मधलं "स्वागत" चौकटीच्या बाहेर लोंबतं. चौकटीच्या सेटिंगमध्ये 'डू नॉट ऑटोफिट' करा आणि मावेल तो आकडा हाताने द्या. फॉन्टही वेगळा लागला असेल तर आधी प्रश्न १० पाहा. फॉन्ट जुळवण्याआधी आकडा ठरवलात तर तो पुन्हा ठरवावा लागेल.